शंभर जणींशी बोललेला लाजाळू मुलगा

नमस्कार श्रोतेहो. लोकांच्या मनाचा गुंता सोडवणारा माणूस जात्याच धीट आणि बोलका असणार, असं आपण धरून चालतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या बाबतीत मात्र हे साफ चुकतं.

एलिस यांचा जन्म १९१३ सालचा, अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा. वाढले न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये. वडील धंद्यानिमित्त सतत फिरतीवर, आई आपल्याच नादात. पाचव्या वर्षापासून मूत्रपिंडाच्या दुखण्यामुळे रुग्णालयाच्या खेपा सुरू झाल्या. एकदा तर जवळजवळ वर्षभर मुक्काम पडला. घरचं माणूस भेटायला क्वचितच यायचं. पोरगा बारा वर्षांचा असताना आईवडिलांचा घटस्फोट झाला. त्यात स्वभाव कमालीचा बुजरा. मुलींशी बोलायचं म्हटलं की पाचावर धारण बसायची.

एकोणिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःच स्वतःला गृहपाठ दिला. ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभर जायचं, बाकावर एकटी बसलेली कुणी दिसली की त्याच बाकावर बसायचं आणि एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. मिनिटाची अट महत्त्वाची, कारण विचार करत बसलं की भीती जिंकते! ते एकशेतीस जणींजवळ जाऊन बसले. तीस जणी लगेच उठून गेल्या. उरलेल्या शंभर जणींशी ते झाडांवर, फुलांवर, हवापाण्यावर बोलले. भेटायला यायचं एकीनेच कबूल केलं, आणि तीही आली नाही. हा हिशेब त्यांच्याच तोंडचा, तेव्हा थोडं मीठमसाला धरायला हरकत नाही. पण कुणी ओरडलं नाही, कुणी पोलीस बोलावले नाहीत, आणि भीती मात्र गेली.

एवढं होऊनही ते लगेच मानसशास्त्राकडे वळले नाहीत. १९३४ साली व्यवसाय प्रशासनाची पदवी घेतली. मंदीचा काळ. लोकांच्या चांगल्या राहिलेल्या कोटांना जुळतील अशा पँटी शोधून विकायचा धंदा भावाबरोबर करून पाहिला. कादंबऱ्या लिहिल्या, त्या कुणी छापल्या नाहीत. मग लैंगिक संबंधांवर वाचन आणि लेखन सुरू झालं, आणि मित्रमंडळी सल्ला विचारायला येऊ लागली. आपल्याला हे जमतंय, असं दिसल्यावर १९४२ मध्ये त्यांनी कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात प्रवेश घेतला. १९४७ मध्ये पीएच.डी. झाली.

पुढे त्यांनी मनोविश्लेषणाचं, म्हणजे मनात खोल दडलेली कारणं शोधून काढण्याच्या पद्धतीचं, रीतसर प्रशिक्षण घेतलं, पण त्यात मन रमेना. रुग्णाला स्वतःच्या दुःखाचं मूळ कळतं, तरी तो जागचा हलत नाही, ही त्यांची तक्रार. प्रसंग आपल्याला छळत नाही, त्याबद्दलची आपली समजूत छळते, हे एपिक्टेटस या प्राचीन तत्त्वज्ञाकडून त्यांनी उचललं आणि १९५५ मध्ये स्वतःची उपचारपद्धती मांडली. तीच आपल्याकडे विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती म्हणून ओळखली जाते. ‘नकार मिळाला, वाईट वाटलं’ हे ठीक. पण ‘नकार मिळताच कामा नये’ हा हट्ट माणसाला आजारी पाडतो, असं ते ठासून सांगत. तेही भर सभेत, शिव्या देत! मला विचाराल, तर त्या शिव्यांची गरज नव्हती. ऐकणाऱ्यांना मात्र त्या आवडायच्या.

मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षं पत्रव्यवहार केला आणि ही पद्धत मराठी माणसापर्यंत आणली. एलिस २००७ मध्ये, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी गेले. पण आजही या पद्धतीचा समुपदेशक लाजाळू माणसाला घरून करून आणायला गृहपाठ देतोच: दुकानात जा, अनोळखी माणसाला वेळ विचारा, नकार घेऊन या.