गाडी हळू का जाते? कोकण रेल्वेचा पावसाळा

[वरून: ढगातला पूल, त्यावरून जाणारी गाडी]

हा पानवलचा पूल, रत्नागिरीजवळचा. उंची 64 मीटर. आणि वरून जी गाडी चाललीय ती एवढी रमतगमत का चाललीय हा प्रश्न पावसाळ्यात कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी विचारलाय, बहुतेक वेळा शिव्या घालतच. ते खांबावर फिरतंय ना, ते वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र. असंच मांडवीवर, झुआरीवर आणि तिकडे होन्नावरजवळ शरावतीच्या पुलावर पण आहे. वाऱ्याने जोर धरला की गाड्या सोडणाऱ्या कंट्रोल रूमला कळतं आणि गाडी पुलावर घ्यायची की अलीकडेच थांबवायची ते ठरतं.

रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत 741 किलोमीटरची ही लाइन 26 जानेवारी 1998 ला पूर्ण सुरू झाली. नव्वदच्या वर बोगदे, लहान-मोठे धरून दोन हजारांच्या आसपास पूल, पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे, आणि रोहा ते वीर सोडलं तर जवळपास सगळी लाइन अजून सिंगल. म्हणजे कुठे दरड आली तर बाजूने काढायला दुसरा रूळच नाही, लांबच्या गाडीला मग पुणे, मिरज, लोंढा असा वळसा घालून मडगाव गाठायचं.

तरी गाड्या चालतात. कशा, तर आधीच ठरवून हळू. पावसाळ्याचं वेगळं टाइमटेबल असतं, आधी ते 10 जून ते 31 ऑक्टोबर असायचं, 2025 पासून 15 जून ते 20 ऑक्टोबर केलंय. मुसळधार पाऊस लागला आणि पुढचं नीट दिसेना झालं की ताशी 40 च्या वर जायचं नाही, ड्रायव्हरला तशी सूचनाच आहे. मुंबई-मडगाव वंदे भारतचं उदाहरण घ्या, एरवी पावणेआठ तासांच्या आसपास पोचणारी गाडी पावसाळ्यात दहा तास घेते आणि आठवड्यातून सहाऐवजी तीनच दिवस धावते. लोक म्हणतात काय उपयोग मग वंदे भारतचा. मला तर यात रेल्वेचं शहाणपणच दिसतं.

[रात्र, पाऊस, बोगद्याचं तोंड]

आता हा माणूस बघा. आमच्याकडचं सगळ्यात चांगलं फुटेज हेच आहे म्हणून जरा थांबतो इथे. पेट्रोलमन, म्हणजे रुळांवर गस्त घालणारा. अंगावर रेनकोट, हातात बॅटरी, खांद्याला पिशवी. पिशवीत लाल-हिरवे झेंडे, हातबत्ती आणि डिटोनेटर, ज्याला सगळे फटाकेच म्हणतात. दिलेल्या बीटमध्ये, म्हणजे वाटून दिलेल्या पट्ट्यात, रात्रभर चालायचं, कटिंगच्या, म्हणजे लाइनसाठी कापलेल्या डोंगराच्या, कडेने माती सुटलीय का, झाड कललंय का, गटारातून पाणी गढूळ यायला लागलंय का, रुळाखालची खडी धुपलीय का ते बघायचं. जिथे दरडीची भीती जास्त तिथे तर चोवीस तास एक जण बसलेलाच असतो.

आणि दरड दिसली तर? आधी गाडी रोखायची, बाकी सगळं नंतर. ज्या बाजूने गाडी पहिली येणार त्या दिशेने हा लाल बत्ती दाखवत धावत सुटतो. 600 मीटरवर रुळाला एक फटाका लावायचा, मग अजून पुढे 1200 मीटरवर तीन, दहा-दहा मीटरच्या अंतराने. इंजिनाचं चाक त्यावरून गेलं की धडाड आवाज होतो, ड्रायव्हर ब्रेक मारतो. सिंगल लाइन आहे, गाडी दोन्हीकडून येऊ शकते, म्हणून दुसऱ्या बाजूलाही तेच. मोबाईलला रेंज नसली तरी साधारण किलोमीटरभर अंतरावर इमर्जन्सी फोनचे सॉकेट आहेत, ड्रायव्हर आणि गार्डकडे वॉकी-टॉकी आहे. पण खरी गोष्ट ही आहे की गाडी थांबवायला या माणसाला कुणाची परवानगी लागत नाही. साहेबाला फोन, साहेबाचा वरच्याला फोन, मग निर्णय, असलं काही नाही. त्याला शंका आली, गाडी थांबली. एवढा अधिकार किती ऑफिसात सगळ्यात खालच्या माणसाला मिळतो सांगा बरं.

बाकी यंत्रणाही आहेच. माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, मडगाव अशा नऊ स्टेशनांवर पाऊस आपोआप मोजला जातो, काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांच्या पुलांवर पाणी किती चढलं ते कळतं. रत्नागिरी आणि वेर्णा इथे अपघातात मदतीला जाणारी मेडिकल व्हॅन तयार असते.

हे सगळं फुकट शिकलेलं नाही. 22 जून 2003 ला वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरली, पन्नासहून जास्त माणसं गेली, आणि वर्षभरात 16 जून 2004 ला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस.

[चिपळूण, वाशिष्ठीचं पाणी]

22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं तेव्हा वाशिष्ठीचं पाणी चढताना कळलं, गाड्या वेगवेगळ्या स्टेशनांत थांबवून ठेवल्या. हजारो लोक अडकले, हाल झाले, पण स्टेशनात झाले. नदीवर नाही.

तरी निसर्ग ऐकतोच असं नाही. जुलै 2024 मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी आणि चिखल आला, साफ करून गाड्या सोडल्या तर परत आला. चारच दिवसांनी, 14 तारखेला, खेडजवळ दिवाणखवटीला दरड आली, प्रवाशांना एसटीने काढावं लागलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लाइन मोकळी झाली.

[उन्हाळा, कटिंग, जाळी]

आणि हे शेवटचं फुटेज मे महिन्यातलं, म्हणजे लोक आंबे खायला गावी येतात तेव्हाचं. सुटे झालेले बोल्डर आपणहून खाली पाडायचे, डोंगराला जाळी ठोकायची, उतार कमी करायचा, वरचं पाणी वळवणारी गटारं उपसायची, माती धरायला वाळा लावायचा. गाड्या बंद ठेवून चालत नाही, त्यामुळे ब्लॉक, म्हणजे गाड्या नसलेला मोकळा वेळ, मिळेल तेवढ्यातच काम, मग सगळी माणसं आणि पोकलेन बाजूला, गाडी गेली की परत सुरू. आम्ही निघालो तेव्हा या कटिंगची वरची अर्धी बाजू व्हायची होती.