तीन वेळा ‘मोर्स’: एझिओ पिंझा यांच्या तबकड्या

(दृश्य: काळी तबकडी, अगदी जवळून. सुई खाली येते. दहा सेकंद फक्त खरखर.)

ही खरखर आम्ही मुद्दाम ठेवली आहे.

ऑगस्ट 1939. रोमचं ऑपेरागृह. इटालियन संगीतकार व्हेर्दीचं ‘रिक्वियम’, म्हणजे मृतांच्या शांतीसाठीची लॅटिन प्रार्थना. वाद्यवृंद आणि कोरस तुलिओ सेराफिन यांच्या हाताखाली. आता एक माणूस एकच शब्द तीनदा म्हणेल. मोर्स. मृत्यू.

(आवाज: ‘मोर्स’. ‘मोर्स’. ‘मोर्स’. निवेदन नाही.)

प्रत्येक वेळी गाणारा थांबतो. मधल्या जागेत वाद्यं अगदी दबकी वाजतात, आणि त्यांच्याखाली सुई आपली चालतच राहते. खरखर, दबका ठोका आणि पुन्हा तो आवाज, सगळं एकाच खोलीत असल्यासारखं. हा आवाज एझिओ पिंझा यांचा. पाश्चात्त्य गायकीत पुरुषाच्या सगळ्यात खालच्या आवाजाला बास म्हणतात. आपल्या भाषेत, खर्जाचा गायक.

(दृश्य: पिंझा यांचं तरुणपणीचं छायाचित्र. रुंद खांदे, मागे वळवलेले केस.)

जन्म रोमचा, 18 मे 1892. वाढले राव्हेन्नात. मुलाला व्हायचं होतं सायकलपटू. ते जमलं नाही, मग बोलोन्याच्या संगीत विद्यालयात गाणं शिकायला गेले. 1914 मध्ये उत्तर इटलीतल्या सोन्चिनो या छोट्या गावात पहिल्यांदा रंगमंचावर उभे राहिले ते ‘नॉर्मा’ या ऑपेरात, ओरोव्हेझो या म्हाताऱ्या पुजाऱ्याच्या भूमिकेत. वय बावीस. बास गायकांचं हे असंच असतं. टेनरला, म्हणजे पुरुषाच्या उंच आवाजात गाणाऱ्याला, प्रियकराची भूमिका मिळते, बासला मिळतात पुजारी, राजे, बाप आणि सैतान.

पहिलं महायुद्ध, सैन्यातली वर्षं, मग मिलानचं ला स्काला ऑपेरागृह आणि तिथे संचालक तोस्कानिनी. 1 मे 1924 ला बोइतोच्या ‘नेरोने’ या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला, त्यात पिंझा होते. आणि 1 नोव्हेंबर 1926 ला न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात पदार्पण, स्पोन्तिनीच्या ‘ला व्हेस्ताले’मध्ये. तिथे ते बावीस मोसम गायले.

(दृश्य: स्वरलिपीचं पान. कॅमेरा ओळीओळीने सरकतो.)

या पानावरचं पिंझा यांना वाचता येत नव्हतं. भूमिका ते ऐकून, कानाने बसवत. पियानोवर कुणीतरी वाजवून दाखवायचं आणि ते पाठ करायचे. गुरूसमोर बसून चीज उचलणाऱ्या आपल्या गायकांना यात काही नवल वाटणार नाही. पण शेकडो पानांच्या छापील स्वरलिपीवर चालणाऱ्या त्या जगात हे नवल होतं. या माणसाचं सगळं शिक्षण कानातून झालं, आणि आज तो आपल्यापर्यंत पोचतोय तोही फक्त कानातून. म्हणून आपल्याला नक्की काय ऐकू येतं, याबद्दल आम्ही इतके हट्टी आहोत.

(दृश्य: टेबल. दिव्याखाली तबकडी तिरकी धरलेली. खाचांवर प्रकाश फिरतो.)

ही वस्तू आधी नीट बघू.

बारा इंची तबकडी. एका बाजूला जेमतेम साडेचार मिनिटं मावतात. ही प्लास्टिकची नाही. दगडाची बारीक भुकटी, काजळी, आणि हे सगळं धरून ठेवणारी लाख. पळस, कुसुम, बोरीच्या फांद्यांवर किडे जी लाख तयार करतात, तीच. त्या काळात जगातली बहुतेक लाख हिंदुस्थानातून जायची. सुतार लाकडाला फ्रेंच पॉलिश मारतो, त्याच्या बाटलीतही हीच लाख असते, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. म्हणून ही तबकडी स्पिरिटने कधीही पुसायची नाही. पुसली तर कापसावर काळा डाग येईल, आणि त्या डागात गाणं असेल.

(दृश्य: मऊ ब्रश, डिस्टिल्ड वॉटर, साबणाचा एखादा थेंब. खाचांच्या दिशेने गोल गोल हात. मधला लाल कागद कोरडा राहावा म्हणून त्यावर झाकण.)

आता मुळाशी जाऊ. गायक गायचा तेव्हा समोर फिरत असायची मेणाची जाड चकती. सुई त्या मेणात खाच कोरत जायची. कोरलेलं मेण वाजवून बघायची सोय नव्हती, कारण वाजवलं की बिघडलं. मेणावर धातूचा पातळ थर चढवून त्याचा उलटा साचा काढायचा, साच्यावरून पुन्हा सुलटी प्रत, तिच्यावरून छापायचे साचे, आणि मग गरम लाखेचा गोळा दाबून तबकडी. मधे कुठेही कात्री नाही, जोड नाही. चौथ्या मिनिटाला श्वास चुकला तर पहिल्या सेकंदापासून पुन्हा. पिंझा यांच्या ज्या बाजू आज आपण ऐकतो, त्यातली प्रत्येक अशी एका दमात गायलेली आहे.

आणि पिंझा यांचं नशीब असं, की त्यांची उमेदीची वर्षं नेमकी तंत्राच्या वळणावर आली.

(दृश्य: जुनं छायाचित्र. भल्यामोठ्या कर्ण्यासमोर दाटीवाटीने बसलेले वादक.)

1923 आणि 24 साली त्यांनी मिलानमध्ये पहिल्या तबकड्या दिल्या त्या अशा कर्ण्यासमोर. वीज नाही, मायक्रोफोन नाही. गायकाच्या आवाजाच्या जोरानेच पडदा हलायचा आणि मेण कोरलं जायचं. टेनरला कर्णा बरा पोचवायचा. बासचं मात्र वाटोळं व्हायचं. बास गायकाच्या खालच्या ‘फा’ची कंपनं सेकंदाला साधारण 87, आणि कर्ण्याला दोनशेच्या खालचं फारसं काही पकडता यायचं नाही. म्हणजे या तबकड्यांमध्ये खर्जाचा मूळ स्वर जवळजवळ नाहीच. आहेत ते त्याचे वरचे अंश, म्हणजे त्याच्या दुप्पट-तिप्पट कंपनांचे सोबतचे स्वर, आणि त्यांवरून आपलं डोकं मूळ स्वर स्वतः भरून काढतं. आपण ऐकतो तो अर्धा पिंझा यांचा आणि अर्धा आपला आवाज.

1925 मध्ये मायक्रोफोन आला. 1927 पासून पिंझा अमेरिकेत व्हिक्टर कंपनीसाठी विजेवर गाऊ लागले. ‘नॉर्मा’तला तोच ओरोव्हेझो ऐका, सोन्चिनोतला. सोबत मेट्रोपॉलिटनचाच कोरस, संचालक ज्युलिओ सेत्ती.

(आवाज: ‘इते सुल कोले’. पन्नास सेकंद. पडद्यावर फक्त फिरणारी लाल चकती.)

इथे पायाखालची जमीन सापडते. स्वर खाली उतरतो तेव्हा जाड होत नाही, गुळगुळीतच राहतो. खर्जाचे बरेच गायक खाली गेले की गुरगुरतात. पिंझा खालीही गातात.

(दृश्य: तबकडीच्या काठाशी स्ट्रोबोस्कोपची पट्टेरी चकती. पट्टे स्थिर दिसू लागतात.)

आता वेग. या तबकड्यांना सरसकट ‘अठ्ठ्याहत्तरच्या’ म्हणतात, पण कोरणारं प्रत्येक यंत्र मिनिटाला 78 फेऱ्यांवर होतंच असं नाही. सुमारे सहा टक्क्यांचा फरक पडला की सगळं गाणं अर्ध्या स्वराने सरकतं. जास्त वेगात वाजवलेला पिंझा बॅरिटोनसारखा, म्हणजे बास आणि टेनर यांच्या मधल्या आवाजासारखा, हलका वाटतो आणि त्याचं कंपन शेळीसारखं होतं. कमी वेगात तो जांभई देतोय असं वाटतं. म्हणून आम्ही आधी स्वरलिपी उघडतो, गाणं कुठल्या पट्टीत आहे ते बघतो, आणि तबकडी त्या पट्टीत येईपर्यंत वेग फिरवतो. सुईही वेगळी लागते, नंतरच्या प्लास्टिकच्या तबकडीच्या, म्हणजे एलपीच्या सुईपेक्षा जवळपास तिप्पट जाड. एलपीची सुई या खाचेच्या तळाशी जाऊन नुसता कचरा उकरते. एका बाजूसाठी आम्ही सुया बदलून बदलून पाहिल्या. प्रत्येक सुई खाचेच्या भिंतीला वेगळ्या उंचीवर टेकते, आणि पूर्वीच्या कुणा ग्रामोफोनच्या पोलादी सुईने भिंत जिथे झिजवली नाही, ती जागा शोधावी लागते. ती सापडली की खरखर आपोआप निम्म्यावर येते. संगणकाला हात लावावाच लागत नाही.

(दृश्य: सुई बदलणारा हात. मग पॉन्सेल यांचं छायाचित्र.)

1928. सोप्रानो, म्हणजे स्त्रीच्या सगळ्यात उंच आवाजाची गायिका, रोझा पॉन्सेल, आणि व्हेर्दीचा ‘ला फोर्झा देल देस्तिनो’ हा ऑपेरा. मठात आसरा मागायला आलेली स्त्री, आणि तिला आसरा देणारा मठाधिपती. पुरुषांचा कोरस हलक्या आवाजात, हार्पच्या तारा, वर पॉन्सेल. पिंझा यांना या बाजूत मिरवायला जागाच नाही. तरी ते नसते तर काय झालं असतं, हे खालचा आवाज कान देऊन ऐकला की कळतं.

(आवाज: ‘ला व्हेर्जिने देल्यी आन्जेली’. पूर्ण. निवेदन नाही.)

त्याच वर्षीची दुसरी तबकडी, त्याच ऑपेराचा शेवट. पॉन्सेल, टेनर मार्टिनेली आणि पिंझा. आणि 1930 ची ‘ई लोम्बार्दी’ या ऑपेरातलं तिघांचं गाणं, टेनर जिली आणि सोप्रानो रेथबर्ग यांच्यासोबत. इटालियन गाण्याची ओळख करून घ्यायची असेल तर आम्ही याच तीन बाजूंपासून सुरुवात करायला सांगू.

(दृश्य: जुन्या मेट्रोपॉलिटनची इमारत, ब्रॉडवेवरून. ही इमारत 1967 मध्ये पाडली.)

एवढं गाऊनही स्टुडिओत एकही संपूर्ण ऑपेरा पिंझा यांच्या नावावर नाही. संपूर्ण कृती म्हणाल तर ‘रिक्वियम’, दोनदा: 1929 मध्ये संचालक साबाय्नो यांच्यासोबत आणि 1939 मध्ये सेराफिन यांच्यासोबत. ऑपेरा गाणारे पिंझा पूर्ण ऐकायचे तर रेडिओकडे जावं लागतं. मेट्रोपॉलिटनचे प्रयोग 1931 च्या नाताळपासून प्रक्षेपित होऊ लागले, आणि ते प्रक्षेपण चालू असताना कुठे कुठे लाखेचा नव्हे तर लॅकरचा, म्हणजे मऊ रासायनिक रोगणाचा थर दिलेल्या ॲल्युमिनियमच्या चकत्यांवर उतरवून घेतलं गेलं. म्हणून 1935 चा ‘सिमॉन बोक्कानेग्रा’ आहे, 1937 चा ‘नॉर्मा’ आहे, 1940 चा ‘फिगारो’ आहे.

आणि 7 मार्च 1942 चा मोझार्टचा ‘दोन जोव्हान्नी’ आहे. संचालक ब्रूनो वॉल्टर. ही भूमिका बहुतेक वेळा बॅरिटोन गातात. पिंझा ती 1929 पासून मेट्रोपॉलिटनमध्ये आणि पुढे साल्झबुर्गलाही गात होते. बासच्या गळ्यातून आली की हा नायक गोड बोलतो तेव्हाही धोक्याचा वाटतो.

(आवाज: मेन्डोलिनवरचं प्रेमगीत, एक कडवं.)

पाच दिवसांनी, 12 मार्चला, इटली या शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्यांना अमेरिकेत अटक झाली. जवळपास तीन महिने न्यू यॉर्कजवळच्या एलिस बेटावर ठेवलं, मग सोडलं.

(दृश्य: कोलंबियाच्या तबकड्यांचा संच, पुठ्ठ्याच्या अल्बममध्ये. पानं उलटतात.)

1946 मध्ये कोलंबिया कंपनीसाठी मोझार्टची गाणी, पुन्हा वॉल्टर यांच्यासोबत. आवाज पन्नाशी ओलांडलेला, कडा थोड्या घासलेल्या, पण शब्द पूर्वीपेक्षा जिवंत. 1948 मध्ये मेट्रोपॉलिटन सोडलं आणि पुढच्या एप्रिलात न्यू यॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर ‘साउथ पॅसिफिक’ ही संगीतिका. त्याची तबकडी अमेरिकेत 69 आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. नवीन आलेल्या एलपीला तिने घराघरांत नेलं. पिंझा हे नाव आज अनेकांना माहीत आहे ते या एका तबकडीमुळे. त्यातलं ‘सम एन्चान्टेड ईव्हनिंग’ हे त्यांचं गाणं सुंदर आहे, यात शंका नाही. पण त्याच्या मागे पंचवीस वर्षांच्या लाखेच्या तबकड्यांचा जो ढीग उभा आहे, तो त्या एका गाण्याने झाकला गेला, याचं आम्हाला वाईट वाटतं.

9 मे 1957 ला कनेटिकटमधल्या स्टॅमफर्डला ते गेले.

(दृश्य: संगणकाचा पडदा. एकाच बाजूचे दोन आलेख, वरखाली.)

आता पुन्हा ‘मोर्स’कडे. वरचा आलेख आम्ही उतरवला आहे. खालचा सहज मिळणाऱ्या एका ‘स्वच्छ’ आवृत्तीचा. दोन्ही ऐका.

(आवाज: खालची आवृत्ती. मग वरची.)

पहिल्यात खरखर नाही. दबके ठोकेही नाहीत. फिल्टरला खरखर आणि हळू वाजलेला ढोल यांतला फरक कळत नाही. तो दोन्ही पुसतो. ‘मोर्स’चा शेवटचा ‘स’सुद्धा त्याला खरखरच वाटतो, म्हणून शब्द मधेच तुटतो. खर्ज पोकळ होतो, कारण त्याच्यावरचे अंश छाटले जातात आणि बास ओळखू येतो तो त्या अंशांवरूनच. जागतिक महायुद्ध पेटायच्या ऐन तोंडावर कोरलेल्या त्या दहा तबकड्या कुणीतरी ऐंशी वर्षं सांभाळल्या. त्या उतरवताना एवढी घाई कशाला?

जुनं कोरलेलं उतरवणाऱ्या प्रत्येकाला आमचं एकच मागणं आहे. आधी धुवा, सुई शोधा, वेग लावा, आणि काहीही न पुसलेली एक प्रत जपून ठेवा. मग हवं तर दुसऱ्या प्रतीवर काय वाटेल ते करा. आपल्या कायद्यात प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनी ध्वनिमुद्रण सगळ्यांसाठी खुलं होतं, म्हणून ही बाजू आम्हाला तुमच्यासमोर तुकडे न करता ठेवता येते.

हेडफोन असतील तर लावा. आवाज थोडा वाढवा. सुरुवातीची दहा सेकंदं काहीच होणार नाही, फक्त सुई.

(दृश्य: तबकडी. सुई खाली येते. पूर्ण बाजू.)