गाळावरचे वारकरी

नमस्कार श्रोतेहो. नुकतीच कार्तिकी एकादशी झाली. तुमच्यापैकी काही जण पंढरपूरला जाऊन आला असाल. मी त्या दिवशी वेगळ्या वारकऱ्यांना भेटायला गेलो होतो, नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावर.

पहाटे चापडगावच्या बाजूने निघालो. द्राक्षबागांत फवारणी सुरू झाली होती, पाण्यावर अजून धुकं होतं. ते विरळ झालं तसे आधी आवाज आले आणि मग पक्षी दिसले. काळेभोर, कोंबडीहून लहान, आणि कपाळावर ठसठशीत पांढरा टिळा, जणू ओलं गोपीचंदन. याच पक्ष्याला मराठीत वारकरी म्हणतात. ज्याने कुणी हे नाव ठेवलं त्याची नजर किती मायेची असेल!

आठच्या सुमाराला दलदली भोवत्या आला. हा शिकारी पक्षी पाणकणसांवरून अगदी खालून, पंख किंचित वर धरून तरंगत येतो. तोवर पांगलेले वारकरी क्षणात एकमेकांना खेटले. शेकडो पक्ष्यांचा एकच काळा गठ्ठा झाला. भोवत्याने दोन फेऱ्या मारल्या. एकटा पडलेला कुणीच सापडेना, तेव्हा तो निघून गेला. गठ्ठा मात्र बराच वेळ सुटला नाही.

गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात, तिथे ब्रिटिश काळात हा बंधारा झाला. शंभराहून जास्त वर्षं नद्यांनी त्यात गाळ आणून टाकला. सिंचनाच्या हिशेबाने हे नुकसानच, पण त्याच गाळाची बेटं झाली, पाणी उथळ राहिलं आणि पाणवनस्पती माजल्या. २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून याची नोंद झाली, ती या दलदलीमुळेच.

थापट्या बदक पाहिलं की हे लगेच पटतं. त्याची चोच पुढे पसरट, उलथण्यासारखी. दुर्बिणीतून एकाकडे मी अर्धा तास बघत होतो. मान पाण्याला टेकवून ते गोल गोल फिरत होतं. चोचीच्या कडांना बारीक दात्यांची चाळणी असते. पाणी आत घ्यायचं, बाजूने सोडायचं, आणि अडकलेले सूक्ष्म जीव खायचे. शेजारी तलवार बदकं शेपटी वर करून, डोकं खाली घालून तळ चाचपत होती. पाणी खोल असतं तर त्यांची चोच तळापर्यंत पोचलीच नसती.

एक कळकळीची विनंती करतो. उडतानाचा फोटो मिळावा म्हणून काही जण टाळ्या वाजवतात, दगडही मारतात. मध्य आशियातून, सायबेरियातून आलेला पक्षी इथे खाऊन अंगात ताकद साठवत असतो. ती अशी वाया घालवायला लावू नका. जागेवर शांत बसा, तासाभराने ते आपणहून जवळ सरकतात.

संध्याकाळी अंधारताना पलीकडच्या काठावरून चक्रवाक ओरडला. रात्री हे जोडपं नदीच्या दोन तीरांवर ताटातूट होऊन एकमेकांना हाका मारतं, अशी जुनी कविकल्पना आहे. मी दुर्बीण वळवली. केशरी रंगाची दोघं एकाच चिखलाच्या उंचवट्यावर, अगदी शेजारी शेजारी उभी होती.