उजेड कमी झाला, पण कशामुळे?

अँटिबॉडी विषाणूला चिकटली की काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. पण चिकटणं वेगळं आणि अडवणं वेगळं. एचआयव्हीची लागण झालेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या रक्तात काही आठवड्यांत अँटिबॉडी सापडतात, रोगाचं निदान बहुतेकदा त्यांच्यावरूनच होतं. तरी विषाणू वाढतच राहतो. मग अडवणारी अँटिबॉडी ओळखायची कशी?

त्यासाठी आम्ही टीझेडएम-बीएल नावाच्या पेशी वापरतो. मूळ हेला पेशींचं. 1951 साली हेन्रिएटा लॅक्स या कर्करोगाच्या रुग्ण बाईंच्या गाठीतून त्या घेतल्या, त्यांना न विचारता. या पेशी रोज हाताळणाऱ्याला ते नाव माहीत असलंच पाहिजे, असं मी मानतो. या पेशींवर विषाणूला आत शिरायला लागणारी दारं मुद्दाम बसवलेली आहेत, आणि आत काजव्याच्या ल्युसिफरेजचं जनुक आहे. विषाणू शिरला, त्याचं टॅट प्रथिन तयार झालं, की ते जनुक जागं होतं. जितकी लागण जास्त, तितका उजेड जास्त.

विषाणूही खरा नसतो. बाहेरचं आवरण हव्या त्या वाणाचं, म्हणजे विषाणूच्या उपप्रकाराचं, आत मात्र आवरणाचं जनुक निकामी केलेला एचआयव्ही. असा छद्मविषाणू एकदा पेशीत शिरतो आणि तिथेच थांबतो.

ज्याच्या अँटिबॉडी तपासायच्या, त्याचा रक्तद्रव आधी 56 अंशांवर तापवायचा. मग 96 खळग्यांच्या प्लेटमध्ये तो 20 पट, 60 पट, 180 पट असा पातळ करत न्यायचा. विषाणू घालून 37 अंशांवर तासभर ठेवायचं, मग प्रत्येक खळग्यात दहा हजार पेशी. 48 तासांनी उजेड मोजायचा. तो निम्म्यावर आणणारी विरलता, हा आमचा आकडा.

या आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नका, हे मला आज आवर्जून सांगायचंय. एकदा एका नमुन्याने समोर ठेवलेला प्रत्येक वाण अडवला. आम्ही हरखलो. मग शेजारचे खळगे पाहिले. त्यांतल्या छद्मविषाणूवर उंदरांच्या एका विषाणूचं आवरण होतं. एचआयव्हीच्या अँटिबॉडीने त्याला हातही लावायला नको. तिथेही अंधार! तो माणूस एचआयव्हीची औषधं घेत होता. रक्तद्रवातून आलेलं औषध पेशीच्या आत विषाणूचं काम बंद पाडत होतं, अँटिबॉडीचा त्यात काही हात नव्हता. ते उंदरांचे खळगे नसते, तर आम्ही चुकीची बातमी घेऊन धावलो असतो.

दुसरी फसगत वाणाची. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवलेले वाण सहज अडतात. 1990च्या दशकातल्या एका लसीने असे वाण अडवणाऱ्या अँटिबॉडी दिल्या, रुग्णांकडून थेट आलेले वाण मात्र दाद देईनात. 2003 साली ती लस अपयशी ठरली. तेव्हापासून वाणांचे थर लावले जातात: सहज अडणारे, मध्यम आणि हट्टी. लसीची खरी परीक्षा मधल्या थरावर.

2010 साली प्रसिद्ध झालेली व्हीआरसी01 नावाची अँटिबॉडी प्लेटवर सुमारे 90 टक्के वाण अडवत होती. ती दर आठ आठवड्यांनी शिरेतून देऊन साडेचार हजारांहून जास्त लोकांत पाहिली गेली. 2021 साली निकाल आला: एकूण लागण लक्षणीय कमी झाली नाही. पण मिलिलिटरमागे एक मायक्रोग्रॅमहून कमी अँटिबॉडीने ज्यांचा उजेड 80 टक्के घटतो, त्या वाणांपासून सुमारे 75 टक्के संरक्षण मिळालं. म्हणून 50 टक्क्यांच्या आकड्याशेजारचा 80 टक्क्यांचा रकाना आता मी आधी वाचतो.