दुधाळ काच, तांब्याचे तुकडे

(दृश्य: खिडकीच्या उजेडात धरलेली औषधाची जुनी हिरवट बाटली. तिच्यावर पाण्याचा शिडकावा.)

ओली असली की बाटली नितळ दिसते. वाळली की पुन्हा दुधाळ. बराच काळ जमिनीत पडून राहिलेली काच अशीच वागते, आणि ती घासून स्वच्छ होत नाही, कारण हा मळच नाही. ओल्या मातीत काचेतला सोडा हळूहळू झिरपून जातो आणि वर सिलिकाचा भुसभुशीत थर उरतो. इंद्रधनुष्यासारखे रंग चमकतात ते याच पापुद्र्यांतून.

पांढरा चुन्याचा डाग असेल तर आधी रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवून पाहावं. तो तिथेच सुटतो. थंड बाटलीवर गरम पाणी मात्र ओतायचं नाही, तडकते. डाग जाऊनही दुधाळपणा राहिला, तरच टम्बलर, म्हणजे रोलरवर फिरणारा डबा, ज्यात बाटली घासली जाते. टम्बलर बाटली धूत नाही, तिचा वरचा थर खरवडून काढतो. गेलेली काच परत येत नाही.

(दृश्य: आडवा ठेवलेला प्लास्टिकचा डबा, आत मधोमध बाटली.)

बाटली बूड आणि तोंड या दोन्हीकडून आधार देऊन डब्याच्या बरोबर मधोमध बसवलेली असते. ती डब्यासोबतच फिरते, आतल्या आत हलत नाही. हलते ते तांबं: उघड्या तारेचे दोन-तीन मिलिमीटर लांबीचे तुकडे. काच तांब्यापेक्षा कठीण, म्हणून तांबं तिला ओरखडत नाही. घासते ती त्याच्याबरोबर टाकलेली, घासण्यासाठीची कठीण पूड. पण नुकत्याच कापलेल्या तुकड्यांच्या कडा धारदार असतात. ते आधी बाटलीशिवाय एक-दोन दिवस फिरवून गोल करून घ्यावेत. तार काळजीपूर्वक सोलावी, वेष्टण एकाही तुकड्यावर राहू देऊ नये.

अर्ध्या लिटरच्या बाटलीत अर्ध्यापर्यंत तांबं, म्हणजे साधारण सव्वा किलो. बाहेर डब्यातही अर्ध्या उंचीपर्यंत. त्यावर तांबं जेमतेम बुडेल इतकंच पाणी. पाणी जास्त झालं की पूड तरंगत राहते, काचेला चिकटून घासत नाही. बाटलीत एक मोठा चमचा पूड, डब्यात तीन. पहिल्या फेरीला ही पूड म्हणजे ६०० नंबरचं सिलिकॉन कार्बाईड; नंबर जितका मोठा, पूड तितकी बारीक. पापुद्रा हलका असेल तर १००० किंवा १२०० पासूनच सुरुवात करावी. उगाच खोल कापायचं कशाला!

(दृश्य: रोलरवर फिरणारा डबा. तांब्याची सळसळ.)

मिनिटाला ३० ते ४० फेऱ्या, तीन-चार दिवस. वेग वाढवून काम लवकर होईल असं वाटतं, पण १५ सेंटिमीटर व्यासाच्या डब्यात फेऱ्या ११० च्या जवळ गेल्या की तांबं भिंतीला चिकटून नुसतं गोल फिरतं, घासतच नाही. कानाने कळतं: सळसळ एकसारखी हवी. आवाज बंद झाला तर तांबं गच्च भरलंय किंवा पाणी आटलंय. ठोके येऊ लागले तर आधार सैल झालाय; डबा लगेच थांबवावा.

कटिंग, म्हणजे थर खरवडणारी ही पहिली फेरी, संपलं की काच एकसारखी मॅट दिसते. दिसायलाच हवी. चमक पुढच्या, पॉलिशच्या फेरीत येते: सिरियम ऑक्साईड ही पॉलिशची बारीक पूड, पुन्हा तीन-चार दिवस, आणि त्यासाठी डबा, तांबं, आधार सगळं वेगळं. कटिंगच्या पुडीचे थोडेसे कण पॉलिशमध्ये गेले तरी ओरखडे दिसतात.

काही बाटल्या टम्बलरमध्ये मुळीच घालू नयेत. तडा असलेली फिरता फिरता फुटते. रंगीत छपाई असेल तर ती जाते. उठावदार अक्षरं असली तर रोज डबा उघडून पाहावं. अक्षरांच्या कडा आधी झिजतात आणि संग्राहक त्याच बघतात. गोटी सोड्याच्या बाटलीने तर नवशिक्याने सुरुवात करूच नये. गोटी आत सुटी असते, मान चिमटलेली, आणि तांबं काढताना तुकडे तिथेच अडकतात.

(दृश्य: बादलीत उपडी केलेली बाटली, खाली काळपट गाळ.)

हा गाळ मोरीत ओतू नये, नळी बसते. बादलीत रात्रभर ठेवला की पाणी वर निवळतं, खालचा गाळ ओलसर असतानाच कचऱ्यात टाकता येतो. पुडीला हात लावायचा तो ओलीलाच, कोरडी झाली की धूळ नाकात जाते. बाटली कोमट पाण्याने दोन-तीनदा खळबळून उलटी ठेवावी. पूर्ण वाळल्यावर मगच उजेडात धरून पाहावी. ओल्या बाटलीवरून निकाल ठरवायचा नाही.