ज्यांच्याकडून प्रार्थना होत नाही त्यांच्यासाठी

(मडगाव येथे ईस्टरआधीच्या उपवासकाळात मराठीभाषक ख्रिस्ती कुटुंबांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, समोर वसईची माणसं आहेत, सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडची आहेत, आणि मागच्या रांगांत नगर-पुण्याकडचे प्रोटेस्टंट बंधुभगिनी बसलेत. म्हणजे मिस्साला जाणारे कॅथलिक आणि उपासनेला जाणारे प्रोटेस्टंट आज एका पंख्याखाली आलेत. पंखे दोनच आहेत, त्यामुळे तसा इलाजही नव्हता. मी सावंतवाडीची. घरात तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, कोंकणीत, शाळा मराठीत, भांडणं मालवणीत. नोकरी मात्र गोव्यात झाली, नर्सची. वॉर्डात सगळे ‘सिस्टर’ म्हणायचे, त्यामुळे कित्येक पेशंट मला मठातली समजून पापांची कबुली द्यायला लागायचे. मी ऐकून घ्यायची. सलाइन लावता लावता ऐकायला काय जातंय?

तुम्ही मला विषय दिलात, कठीण काळात ख्रिस्ती विश्वास मजबूत कसा ठेवावा. या विषयाशी माझं थोडं भांडण आहे, ते आधीच सांगते. ज्याच्या घरात कॅन्सर आला, ज्याचा मुलगा गेला, ज्याची नोकरी गेली, त्याला आधीच शंभर कामं असतात. औषधं, कागद, उधारी, लोकांचे फोन. त्यात आपण त्याला एकशे एकावं काम देतो, की बाबा, विश्वासही मजबूत ठेव हं. आणि नाही ठेवता आला तर तो दोषही त्याचाच. माझं म्हणणं असं की संकटातल्या माणसाचा विश्वास बहुतेक वेळा तो स्वतः टिकवत नाही, भोवतालची माणसं टिकवतात. म्हणून आज मी दुःखात असलेल्यांशी कमी आणि ज्यांचं सध्या बरं चाललंय त्यांच्याशी जास्त बोलणार आहे.

ईयोबाची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. गुरंढोरं गेली, मुलं गेली, अंगभर फोड आले. त्याचे तीन मित्र भेटायला आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द न बोलता. तिथपर्यंत त्यांचं सगळं बरोबर होतं. मग ईयोब बोलला, आणि त्यांनीही तोंड उघडलं. तू काहीतरी पाप केलं असशील, देव उगाच शिक्षा करत नाही, पश्चात्ताप कर म्हणजे होईल सगळं ठीक. अध्यायामागून अध्याय हेच. आणि शेवटी देव रागावतो तो कुणावर? देवाला तोंडावर जाब विचारणाऱ्या ईयोबावर नाही, देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या मित्रांवर. हे आपण वाचतो, पण वॉर्डात फळांची पिशवी घेऊन येतो तेव्हा विसरतो. मी काय काय ऐकलंय! ‘देव आपल्या आवडत्यांचीच परीक्षा घेतो.’ ‘नवस बोलला होतात तो फेडलात ना?’ ‘विश्वास असता तर एव्हाना बरे झाला असतात.’ ही वाक्यं बोलणारी माणसं वाईट नसतात. त्यांना त्या खाटेजवळची शांतता सहन होत नाही, म्हणून ती बोलतात. पण ती निघून गेल्यावर पेशंट भिंतीकडे तोंड करून झोपतो, आणि त्याला जेवायला लावता लावता आमची दुपार जाते.

देवाकडे तक्रार करायची आपल्याला भीती वाटते. आपल्या आज्यांनी तसंच शिकवलं, देवाच्या नावानं उलट बोलू नये. पण स्तोत्रसंहिता उघडून बघा. किती स्तोत्रं नुसती गाऱ्हाणी आहेत! ‘हे परमेश्वरा, कुठवर?’ असं विचारणारी, तू झोपलास का असं विचारणारी. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं. शेवटी आशेची एक ओळ जोडून ते गोड केलेलं नाही. ज्यांनी ही स्तोत्रं जमवली, त्यांनी ते तसंच ठेवलं. आणि प्रभू येशूच्या तोंडी क्रूसावर काय आलं? बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ जे त्याला म्हणता आलं, ते आपल्याला म्हणायला लाज का वाटावी?

एक बाई आठवते. मुलगा गेला होता तिचा, मोटारसायकलच्या अपघातात. घरी गेल्यावर तिनं सायबिणीची, म्हणजे मरिया मातेची, तसबीर भिंतीकडे फिरवून ठेवली, तोंड दिसू नये म्हणून. नवरा घाबरला. कुणाला तरी बोलवून शांती करून घ्यावी का, असं मला विचारायला आला. मी त्याला विचारलं, तसबीर काढून टाकली का? नाही म्हणाला, रोज पुसते, पण फिरवत नाही. मी म्हटलं, मग राहू दे. ज्याच्याशी नातं उरलेलं नाही त्याच्यावर कुणी इतके महिने रुसून बसत नाही.

गोव्यातल्या उपवासकाळाची एक गोष्ट मला फार आवडते. इथं दुःखाला आवाज असतो आणि वेळही असतो. जुन्या चर्चमधून मोतेत म्हणतात. ती लांबवलेली, रडवेली गाणी व्हायोलिनच्या साथीनं ऐकलीत की कळतं, इथल्या लोकांनी रडण्याचं काम चर्चच्या आत आणलंय. खांद्यावर क्रूस घेतलेल्या येशूची मूर्ती मिरवणुकीनं जाते, वाटेत दुःखी मातेची मूर्ती तिला भेटते, आणि एरवी मासळीच्या भावावरून हुज्जत घालणारी माणसं गप्प उभी राहतात. गुड फ्रायडेला घंटा बंद, लाकडी खटखटा वाजतो. ईस्टर येणार हे सगळ्यांना माहीत असतं, तरी शुक्रवारी कुणी रविवारची घाई करत नाही. घरातल्या दुःखाला मात्र आपण पुरेसा वेळ देत नाही. सातव्या दिवसाची मिस्सा झाली की लगेच, ‘आता सावरा स्वतःला.’

आता ज्यांच्याबद्दल बोलायला मी आले ते संत जुझे वाझ. बाणावलीत १६५१ साली जन्मले, मूळ घर सांकवाळचं. गोव्यात त्यांचं नाव सगळे घेतात, पण त्यांची गोष्ट पुरती सांगणारे थोडे. श्रीलंकेत तेव्हा डच लोकांनी पोर्तुगीजांना हाकललं होतं. डच कॅल्व्हिनिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंटांमधल्या एका पंथाचे, त्यामुळे किनाऱ्यावरच्या त्यांच्या मुलखात कॅथलिक धर्मगुरूला बंदी. १६५८ साली जाफना पडल्यापासून जवळजवळ तीस वर्षं तिथल्या कॅथलिकांना नीट पाद्री मिळाला नव्हता. मिस्सा नाही, कबुली नाही, मरणाच्या वेळी शेवटच्या संस्काराचं तेल लावायला कुणी नाही. फादर वाझ १६८७ साली मजुराचा वेश घेऊन, सोबत जुवांव नावाचा एक तरुण घेऊन तिथं उतरले. आणि उतरले ते काय अवस्थेत? हगवणीनं अंगात त्राण नाही. ज्यांना धीर द्यायला गेले, त्यांच्याच मुलखात आधी स्वतः दुसऱ्यांच्या दयेवर जगले. नर्स म्हणून सांगते, त्या काळात हगवण म्हणजे मरणाचीच वाट.

बरे झाल्यावर ते गळ्यात जपमाळ घालून दारोदार भीक मागत हिंडले. माळेकडे कोण कसं बघतं, यावरून घर ओळखायचं. आणि घरं सापडली! तीस वर्षं धर्मगुरू नसताना माळ ओळखणारी माणसं उरली होती. इथं मी नेहमी अडखळते. आपण वाझबाबांना धन्य म्हणतो, ते आहेतच, पण ती घरं कुणी राखली? रात्री दार लावून पोरांना क्रूसाची खूण शिकवणाऱ्या बायकांनी, पाद्री नसला तरी रविवारी चार जणांना जमवणाऱ्या म्हाताऱ्यांनी. त्यांतल्या प्रत्येकाचा विश्वास दररोज पक्का होता, असं मी मानत नाही. एकाचा डळमळला असेल तेव्हा दुसऱ्यानं प्रार्थना सुरू केली असेल. तीस वर्षं एकट्या माणसाला जमत नाहीत, वाड्याला जमतात.

पुढे कँडीच्या राज्यात गेले तर पोर्तुगीजांचा हेर म्हणून तुरुंगात टाकलं. तुरुंगात बसून ते सिंहली शिकले. १६९७ मध्ये तिथं देवी आल्या. लोक आजाऱ्यांना टाकून पळाले, तेव्हा हेच त्यांचं पू पुसायला, प्रेतं पुरायला मागे राहिले. गोव्याला परत आलेच नाहीत. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच वारले. २०१५ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत जाहीर केलं, तेव्हा आपल्याकडून विमानं भरून माणसं गेली. चांगलं झालं. पण देवीच्या साथीतली ती वर्षं विमानात बसून कळत नाहीत.

सांव फ्रान्सिस झेवियर यांच्याबद्दल एवढंच. त्यांनाच आपण गोंयचो सायब म्हणतो, त्यांच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, आपण जुन्या गोव्यात रांगा लावतो. ते गेले कसे? १५५२ च्या डिसेंबरात, चीनच्या किनाऱ्यासमोरच्या एका बेटावर, चीनला नेणाऱ्या बोटीची वाट बघत, तापानं. बोट आली नाही. जे काम करायला निघाले होते ते झालं नाही. आपल्या नवसांचा हिशेब मांडताना हे ध्यानात असू द्या.

मागच्या रांगांसाठी पंडिता रमाबाई. दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच नवरा गेला. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला. पण ख्रिस्ती धर्म सापडला तरी ख्रिस्त सापडला नव्हता, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलं. तो सापडायला आणखी काही वर्षं गेली. इतकी विद्वान बाई, तिलाही वेळ लागला. आणि शेवटी, १९२१ मध्ये, एकुलती मुलगी मनोरमा आधी गेली. रमाबाई तेव्हा बायबलच्या मराठी भाषांतराचं काम पुरं करत होत्या. ते त्यांनी थांबवलं नाही. पुढच्याच वर्षी त्याही गेल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो मुली होत्या. रमाबाईंनी त्यांना सांभाळलं हे आपण सांगतो, शेवटी त्या मुलींनी रमाबाईंना किती सांभाळलं असेल, हे कुणी सांगत नाही.

आमच्याकडे मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसापाशी, म्हणजे क्रूसापाशी, लदीन ही सामुदायिक प्रार्थना होते. माळ, गाणी, मग चणे आणि फेणी. काही धर्मगुरू फेणीवरून नाक मुरडतात. मुरडू देत. असं जमण्याची सवय वेळेला कामाला येते. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकनं कुवेत घेतलं तेव्हा सासष्टीतल्या किती घरांत कर्ता पुरुष तिकडे अडकला होता. ज्यांच्याकडे फोन होता त्यांच्या व्हरांड्यात वाडा जमायचा. बातमी नसायची, मग कुणीतरी तेर्स सुरू करायचं. ज्या बाईचा नवरा अडकलाय तिला ‘आमच्या बापा’ पुरं म्हणवत नसे. ती अर्ध्यात थांबायची, बाकीचे पुरं करायचे. २०२० मध्ये, करोनाच्या काळात, आपले तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारे, बोटींवर अडकले, चर्चची दारं बंद, मयताला चार माणसं. तेव्हा हे एकत्र जमणंच नव्हतं, आणि ज्यांच्या घरी त्या वर्षी कुणी गेलं त्यांच्या मनात ते अजून साठून आहे. त्यांना आज भेटायला जा. उशीर झाला असं समजू नका.

एक कडू गोष्टही सांगून टाकते. महिनोन्महिने झोप नाही, जेवण नाही, मरणाचे विचार येतात, तर बांबोळीच्या मनोरुग्णालयाची पायरी चढा. तिथं जाण्याला आपल्याकडे अजून हसतात. माळ घेऊन घरात बसवून ठेवतात. गोळी घेतली म्हणजे विश्वास सोडला असं होत नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता, आणि पौलानं त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हटलंय. आम्हा नर्सांचं नाव नाही घेतलं, पण ते असू दे.

आता एक चिठ्ठी आलीय. अक्षर बाईचं दिसतं. लिहिलंय, ‘वर्ष झालं, चर्चमध्ये पाय ठेववत नाही. माझा विश्वास गेला का?’

ताई, नाव लिहिलं नाहीत ते बरं केलंत. मार्कच्या शुभवर्तमानात एका पक्षाघाती माणसाला चार जण खाटेवरून आणतात. दारात गर्दी, म्हणून छप्पर उकरून त्याला खाली सोडतात. येशूनं त्यांचा विश्वास पाहिला, असं मार्क लिहितो. खाटेवरचा माणूस तोवर एक शब्द बोललेला नाही. त्याचा स्वतःचा विश्वास होता की नव्हता, कुणी विचारलंही नाही. तुम्ही सध्या खाटेवर आहात. उठून चालत या असं मी तुम्हाला सांगणार नाही.

तुमच्या घरच्यांना सांगते, आणि ते इथं बसले असतील तर त्यांना कळेल. रविवारी निघताना ‘येतेस का?’ एवढंच विचारा. नाही म्हणाली तर तोंड पाडू नका, परत आल्यावर पाद्र्याचं प्रवचन तिला ऐकवू नका. चर्चबाहेरून येताना पाव घेऊन या, चहा करा, तिच्याजवळ बसा. आणि पुढच्या रविवारी परत विचारा.