कॅनन जी७ एक्स मार्क ३ की सोनी आरएक्स१०० मार्क ७? आधी लेन्स बघा

नमस्कार मंडळी! टेबलावर दोन छोटे कॅमेरे आहेत. हा कॅनन पॉवरशॉट जी७ एक्स मार्क ३ आणि हा सोनी आरएक्स१०० मार्क ७. दोन्ही जुलै २०१९ मध्ये जाहीर झाले. दोन्हींचं वजन ३०० ग्रॅमच्या थोडं वर, दोन्हींत १ इंची सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चिप, दोन्ही २० मेगापिक्सेलचे. त्यामुळे दुकानदार मेगापिक्सेल सांगायला लागला, तर तो विषय तिथेच थांबवा. खरी निवड लेन्सवर होते.

सोनीची लेन्स २४ ते २०० मिलिमीटर, कॅननची २४ ते १००. म्हणजे सोनी दुप्पट लांबचं जवळ आणतो. आता अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक बघा. एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त. कॅननचं सुरू होतं एफ १.८ पासून, आणि पूर्ण झूमला एफ २.८ होतं. सोनीची सुरुवातच एफ २.८, आणि २०० ला एफ ४.५. वाइडला, म्हणजे झूम न करता, कॅनन जवळपास अडीचपट उजेड आत घेतो.

हे प्रत्यक्षात कुठे कळतं? गणपतीची मिरवणूक घ्या. संध्याकाळ उलटलीय, ढोलवाल्यांचे हात जोरात चालताहेत, हात पुसट येऊ नयेत म्हणून शटर १/१२५ सेकंदापेक्षा हळू ठेवता येत नाही. समजा, कॅननवर आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, १६०० ला ठेवून काम भागलं. तोच फोटो वाइडलाच सोनीवर काढायला आयएसओ ४००० च्या जवळ जावं लागेल. एवढ्याशा सेन्सरवर ४००० म्हणजे अंधाऱ्या भागात दाणे आणि चेहऱ्यांचे बारकावे पुसट. घरातला वाढदिवस, हॉलमधलं रिसेप्शन, देवळाचा सभामंडप, सगळीकडे हेच गणित.

पण शाळेच्या गॅदरिंगला जा! मूल स्टेजवर, तुम्ही दहाव्या रांगेत. स्टेजवर लाइट भरपूर असतात, तिथे सोनीचे २०० मिलिमीटर खरंच उपयोगी पडतात. शिवाय त्याचा ऑटोफोकस फेज डिटेक्शनचा, म्हणजे फोकस कुठल्या दिशेला न्यायचा ते थेट ओळखणारा, ३५७ पॉइंटचा. पळणारं मूल सोडत नाही. कॅननचा फोकस कॉन्ट्रास्टवर, म्हणजे चित्र कुठे सर्वांत स्पष्ट होतं ते शोधत चालतो, त्यामुळे मधेच पुढे-मागे चाचपडतो, व्हिडिओतही. आणि भर दुपारी गडावर उन्हात स्क्रीन दिसेनाशी झाली, की सोनीचा व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची छोटी खिडकी, वर काढा. कॅननला तो नाहीच. मात्र भिगवणचे फ्लेमिंगो टिपायचे म्हणून सोनी घेणार असाल, तर घेऊ नका. पक्ष्यांना २०० मिलिमीटर फार कमी पडतात.

व्हिडिओसाठी माइकची पिन दोन्हींना आहे. कॅननमध्ये एनडी फिल्टर, म्हणजे जास्तीचा उजेड कमी करणारी काच, आतच आहे, उन्हात शूट करताना ही मोठी सोय. पण कॅननवर ४के ची एक क्लिप दहा मिनिटांच्या आत थांबते.

माझं मत विचाराल, तर घरचे समारंभ आणि संध्याकाळचे फोटो जास्त असतील तर कॅनन घ्या. स्टेज, मैदान, भटकंती जास्त असेल तर सोनी. जादाची बॅटरी मात्र दोन्हींबरोबर घ्याच. कंपन्यांच्या हिशेबाने सोनी सुमारे २६० फोटो देतो, कॅनन सुमारे २३५. कॅननला टाइप-सी असलं, तरी चार्जिंगला पॉवर डिलिव्हरीचा (यूएसबी-पीडी लिहिलेला) चार्जर लागतो, फोनचा कुठलाही चालत नाही. सोनीला अजून जुनी मायक्रो यूएसबी.

दुकानात जाताना स्वतःचं मेमरी कार्ड न्या. दुकानातल्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात दोन्ही कॅमेऱ्यांनी एक फोटो वाइडला, एक पूर्ण झूमला काढा, आणि घरी मोठ्या स्क्रीनवर बघा. पैसे त्यानंतर द्या. पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी असेल तरच.